फ्रीचा पहिला अल्बम: 'टन्स ऑफ सॉब्स'

'ऑल राइट नाऊ' या गाण्यामुळे फ्री हा ब्रिटिश बँड बहुतेकांना माहीत असतो, पण त्यांचा १९६९चा हा पहिला अल्बम ऐकाच. १९६८च्या अखेरीस लंडनमध्ये त्याचं रेकॉर्डिंग झालं, तेव्हा बेसवादक अँडी फ्रेझर अवघा १६ वर्षांचा होता आणि त्याआधीच ब्लूज संगीतकार जॉन मेयॉलच्या बँडमध्ये वाजवून आला होता! निर्माता गाय स्टीव्हन्सने 'ओव्हर द ग्रीन हिल्स' हे गाणं मधोमध कापून अर्धं अल्बमच्या सुरुवातीला, अर्धं शेवटी ठेवलं. खरी कमाल मात्र 'गोइन डाउन स्लो'ची. सेंट लुईस जिमी ओडेनचं हे जुनं ब्लूज गाणं इथे ८ मिनिटांहून जास्त चालतं. पॉल कॉसॉफ गिटारचा एकेक सूर ताणून असा थरथरवतो, की अंगावर काटा येतो. आणि गायक पॉल रॉजर्स? विशीच्या आत असा पिकलेला आवाज!