जानुबलपरीक्षेत दुसऱ्या पायाची स्थिती

जानुसंधिगत वाताच्या रुग्णात शूल व शोथ यांची नोंद आपण काळजीपूर्वक करतो. बलाची नोंद मात्र पुष्कळदा घाईने होते. रुग्णास बसवून गुडघा सरळ करावयास सांगणे व घोट्याच्या वर हाताने प्रतिकार देऊन ० ते ५ पैकी श्रेणी लिहिणे, ही पद्धत सर्वपरिचित आहे. त्या वेळी दुसरा पाय कोठे आहे, इकडे सहसा लक्ष जात नाही.

गुडघा सरळ करण्याचे कार्य मांडीच्या पुढील चार पेशी करतात. त्यांपैकी एक वंक्षण व जानु हे दोन्ही संधी ओलांडते. त्यामुळे श्रोणी हलल्यास अथवा धड मागे झुकल्यास तिची लांबी व जोर बदलतो. दुसरे पाऊल जमिनीवर असल्यास रुग्ण नकळत त्याने खाली रेटा देतो व श्रोणीस आधार मिळतो. उताण्या स्थितीत एक पाय उचलताना दुसरी टाच आपोआप खाली दाबली जाते, हे हूवर यांनी १९०८ मध्ये दाखविले होते. पाय अधांतरी असल्यास हा आधार राहत नाही. दुसराही गुडघा सरळ धरल्यास मांडीमागील पेशी ताणल्या जाऊन श्रोणी मागे कलते.

आमच्याकडील एका रुग्णेची प्रथम परीक्षा उंच टेबलावर, दोन्ही पाय लोंबते ठेवून झाली. श्रेणी ४ होती. जानुबस्तीनंतर खुर्चीवर, दुसरे पाऊल जमिनीवर असताना ५ आली. आम्हांस समाधान वाटले. पुन्हा टेबलावर पाहता श्रेणी ४ च होती. शूल कमी झाला होता, बल वाढले नव्हते.

यास्तव आम्ही पुढील नियम पाळतो. दोन्ही मांड्यांना पूर्ण आधार, दोन्ही पाय अधांतरी, धड ताठ, हातांनी टेबलाची कड धरलेली. गुडघा पूर्ण ताठ होऊन अडकू न देता किंचित वाकलेला ठेवावा. प्रतिकाराची जागा तीच असावी. तोल सांभाळता न येणाऱ्या वृद्धांत दुसरे पाऊल चौरंगावर टेकवावे. मात्र तशी नोंद करावी व पुढील प्रत्येक परीक्षा त्याच स्थितीत घ्यावी.

वैद्यांच्या अशा नोंदींवरूनच औषधविक्रेते बंधू तेलाचा वा गुग्गुळकल्पाचा गुण ग्राहकास सांगतात. बैठक बदलल्याने दिसलेले बल औषधाच्या नावे जमा होऊ नये, एवढी दक्षता आपण सर्वांनी घ्यावी.