पाकिटाची मागची बाजू

जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात पुण्याच्या रविवार पेठेतल्या गोळ्या-बिस्किटांच्या घाऊक दुकानांत उभं राहायला जागा मिळत नाही. संक्रांत ते रथसप्तमी हा बोरन्हाणांचा हंगाम. हलव्याचे दागिने घातलेलं पोर पाटावर बसवायचं, त्याच्या डोक्यावरून चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, हरभरे, रेवड्या, हलवा ओतायचा आणि भोवतीच्या मुलांनी लूट करायची. हल्लीच्या राशीत बोरं नावापुरती असतात. भर गोळ्या, चॉकलेटं आणि क्रीमच्या बिस्किटांची. गिऱ्हाइकं पाव किलो, अर्धा किलो करत झपाझप खरेदी उरकतात. एक बाई मात्र हातात आलेलं प्रत्येक पाकीट आधी उलटं करते.

तिच्या तीन वर्षांच्या मुलाला सिलिॲक आजार आहे. गहू, जव किंवा राय या धान्यांतलं ग्लुटेन पोटात गेलं की त्याच्या लहान आतड्याचं अस्तर खराब होतं. वर त्याला दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी. घरातल्या वडीलधाऱ्यांना या दोन गोष्टी एकदम समजावणं अवघड गेलं, कारण दूध न पचणारी माणसं सगळ्यांच्या ओळखीची असतात. त्यांना त्रास होतो तो दुधातल्या साखरेचा, लॅक्टोजचा; चमचाभर तुपाने त्यांचं काही बिघडत नाही. या मुलाला चालत नाहीत ती दुधातली प्रथिनं, आणि त्यांचा अंश तुपातही राहू शकतो. ‘साजूक तुपाने कुणाला काय होतंय’ हे वाक्य या घरात बरेच दिवस ऐकू येत होतं.

“काका, या बरणीतल्या गोळ्या कुठल्या पुड्यातल्या?”

“ताई, माल कालच आलाय. एकदम ताजा.”

“तसं नाही. त्यात काय काय घातलंय ते वाचायचंय.”

दुकानदार क्षणभर बघत राहतो, मग पोऱ्याला माळ्यावर पाठवतो. तिची मागणी विक्षिप्त वाटली तरी तिला कारण आहे. ज्या वेष्टनाचं क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही त्याला घटकांची यादी छापण्यातून सूट असते. ती माहिती बाहेरच्या मोठ्या पुड्यावर दिली की झालं. म्हणजे एका गोळीच्या चांदीवर नाव आणि रंगीत आंबा असतो, पण गोळी कशाची आहे हे सांगणारा कागद पुड्यासोबत राहतो. पुडा फोडून बरणीत ओतला की तो कागद कचऱ्यात जातो. भारतातल्या मुलांच्या हातात सुटी पडणारी बहुतेक गोळी अशी निनावीच असते.

पुडा सापडला तरी कुठे बघायचं हे ठाऊक असावं लागतं. हिरवा ठिपका इथे बिनकामाचा. त्याचा अर्थ शाकाहारी, आणि आपल्याकडे दूध शाकाहारीच. २०२० च्या लेबल-नियमांनुसार ग्लुटेन असलेली धान्यं आणि दूध, शिवाय अंडी, मासे, शेंगदाणे, सुकामेवा, सोयाबीन वगैरे घटक वापरले असतील तर ते वेगळे जाहीर करावे लागतात. हे बंधन घातलेल्या घटकांना आहे. त्याच यंत्रावर आधी दुसरं काही बनलं आणि त्याचा अंश आला, तर ‘अमुक असू शकतं’ हे छापणं बरंचसं कंपनीच्या सचोटीवर सोडलेलं आहे. त्यामुळे इशारा छापलेलं पाकीट ती खाली ठेवते, पण इशारा नसलेलं पाकीट लगेच पिशवीत टाकत नाही. त्यावरचा ग्राहकसेवेचा पत्ता मोबाइलमध्ये टिपून घेते.

मग दुधाचे अवतार शोधायचे. दूध भुकटी, मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन, लॅक्टोज, बटर ऑइल. ग्लुटेनची नावं त्यामानाने कमी, पण फसवी: मैदा, रवा, माल्ट, माल्ट एक्स्ट्रॅक्ट. माल्ट म्हणजे बहुधा मोड आणून सुकवलेले जव. तांदळाच्या कुरकुरीत दाण्यांचं चॉकलेट बघून ‘तांदूळच तर आहे’ असं वाटतं. त्या दाण्यांना चव यावी म्हणून अनेकदा जवाचा माल्ट लावलेला असतो.

या सगळ्यात स्वस्त गोळी सहज पास होते, हे गमतीचं आहे. लिमलेट, संत्रागोळी, पेपरमिंट, कैरीची गोळी. साखर आणि ग्लुकोजचा पाक सुमारे १५० अंशांपर्यंत आटवायचा, त्यात सायट्रिक आम्ल, रंग, वास घालायचा, साच्यात दाबायचा. यात ना गहू लागतो, ना दूध. बिघाड सुरू होतो तो गोळी ‘श्रीमंत’ व्हायला लागली की. चघळायची टॉफी आली की दूध भुकटी आली, पोटात चॉकलेट भरलं की दूध आलं, वेफर घातला की मैदा आला.

महाराष्ट्रात गोळी म्हटलं की एका पिढीच्या तोंडी रावळगावचं नाव येतं. वालचंद हिराचंद यांनी मालेगावजवळ रावळगावला १९३३ मध्ये साखर कारखाना काढला आणि १९४२ पासून तिथे गोळ्या बनू लागल्या. पान पसंद, मँगो मूड ही नावं त्याच घरातली. २०२४ च्या सुरुवातीला कंपनीने या नाममुद्रा आणि पाककृती रिलायन्स कन्झ्युमर प्रॉडक्ट्सला २७ कोटी रुपयांना विकल्या. जागा आणि यंत्रं मूळ कंपनीकडेच राहिली. जुन्या गिऱ्हाइकांना यात हळहळ वाटली. पाकीट वाचणाऱ्या आईच्या दृष्टीने अशा बातमीचा अर्थ फार कोरडा असतो: ओळखीचं नाव आता दुसऱ्या कुठल्या तरी यंत्रावर तयार होणार, तेव्हा वाचन पुन्हा पहिल्यापासून. हा नियम ती सगळ्याच कंपन्यांना लावते.

काळं चॉकलेट तरी चालेल, असं बरेच जण सुचवतात. कोको, साखर, कोको बटर, दूध नाहीच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने हे तपासून पाहिलं आणि २०१५ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. दुधाचा घटक म्हणून उल्लेख नसलेल्या ८८ काळ्या चॉकलेटांपैकी ५१ मध्ये दूध सापडलं. कारण कारखान्यात आहे. वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचा थेंब पडला तरी ते आवळून घट्ट होतं, म्हणून चॉकलेटची यंत्रं भांड्यांसारखी धुवून काढत नाहीत. पुढच्या प्रकारचं चॉकलेट त्यातून वाहवून आधीचं बाहेर ढकलतात. सकाळी दुधाचं, दुपारी काळं असा क्रम असला, तर सकाळ थोडीशी दुपारमध्ये उतरतेच.

परदेशी खाऊचा प्रश्न आणखी वेगळा. मामा अमेरिकेत, आत्या इंग्लंडमध्ये, आणि दोघांनीही प्रेमाने स्मार्टीज आणलेल्या. अमेरिकेतल्या स्मार्टीज म्हणजे द्राक्षशर्करेच्या दाबलेल्या आंबटगोड टिकल्या; त्यांत दूध नाही, गहू नाही. इंग्लंडातल्या स्मार्टीज नेस्लेच्या, रंगीत कवचातलं दुधाचं चॉकलेट, आणि त्यांच्या घटकांत गव्हाचं पीठही आहे. नाव एकच. मामाची पुडी कपाटात गेली, आत्याची शेजारच्या मुलांना. आत्याचा चेहरा उतरला तो उतरलाच.

युरोपातल्या पाकिटावर ‘ग्लुकोज सिरप (गहू)’ असं दिसलं की पहिल्यांदा धस्स होतं. पण गव्हापासूनचं ग्लुकोज सिरप इतकं शुद्ध केलेलं असतं की युरोपीय संघाच्या नियमांनी त्याला ॲलर्जीच्या सक्तीच्या यादीतून वगळलं आहे. एवढं वाचल्यावर वाटतं, बाहेरचं सगळं सोडावं, आपलं पारंपरिक बरं. रेवडी, चिक्की, हलवा. यात कुठलं आलंय ग्लुटेन?

तिथेच खरी मजा आहे.

सदाशिव पेठेत एक काकू गेली कित्येक वर्षं घरी हलवा आणि हलव्याचे दागिने करतात. मंद शेगडीवर परात, परातीत साबुदाणा किंवा खसखस, त्यावर चमचा-चमचा पाक आणि बोटांनी सतत हलवणं. पाक दाण्यावर वाळला की पुढचा चमचा. दिवसभर हे चालतं आणि दुसऱ्या दिवशीही. थंडी चांगली असेल तर काटा सुरेख येतो. आईने सगळं नीट पाहिलं. साबुदाणा टॅपिओकाचा, म्हणजे चालेल. रव्यावर हलवा करता का? नाही. दागिने चिकटवायला मैद्याची खळ? (पोरं अंगावरचे दागिने चाटतात, हे विचारायलाच हवं.) नाही, दोऱ्यात ओवते आणि डिंक लावते. सगळं जमत आलं आणि काकूंनी उकळत्या पाकात दुधाचा हबका मारला.

पाकाची मळी काढायची ही जुनी रीत. दुधातली प्रथिनं उष्णतेने साकळतात, साखरेतला कचरा बरोबर घेऊन फेसासारखी वर येतात, ती झाऱ्याने काढून टाकायची. खाली राहतो तो पांढरा, नितळ पाक. काकूंच्या लेखी ते दूध पदार्थात पडलेलंच नसतं. मळीबरोबर गेलं की संपलं. कुणी ‘यात दूध आहे का’ विचारलं तर त्या अगदी प्रामाणिकपणे नाही म्हणाल्या असत्या. बत्तासे, साखरफुटाणे, पाकातल्या वड्या करणारे कितीतरी जण असंच उत्तर देतील.

“मग लिंबू पिळू का?” काकूंनीच विचारलं आणि स्वतःच मान हलवली. आंबटाने पाकातली साखर फुटते, पाक चिकट राहतो, दाण्यावर बसत नाही. लिंबू थोडं जास्त झालं की काटा गेलाच. शेवटी रिफाइंड, गंधकविरहित साखर आणून एक घाणा बिनदुधाचा काढला. रंग किंचित कमी उजळ. काकूंना तो पसंत नव्हता, पण परात वेगळी घेतली आणि हा घाणा पहिला काढला.

चिक्कीत गूळ आणि शेंगदाणे, तरी थापायच्या ओट्याला तूप लावतात की तेल, हे विचारावं लागतं. घाटातल्या कित्येक दुकानांत चिक्की आणि दुधाचं फज शेजारी-शेजारी कापतात. तिळगुळाच्या वड्यांच्या ताटाला तूप ठरलेलं. हिंगगोळी, जिरागोळी, चटपटी आवळा सुपारी ही तर कुणाच्या मनातही येत नाही, पण बाजारातला बांधणी हिंग म्हणजे हिंगाच्या डिंकात मिसळलेलं पीठ. कधी तांदळाचं, फार वेळा गव्हाचं. मोठ्या माणसांच्या पानाच्या तबकातली पाचक गोळी तीन वर्षांच्या मुलाच्या हाताला सहज लागते.

आणि सुटी मिठाई. १ ऑक्टोबर २०२० पासून मिठाईच्या दुकानांना ट्रेवर ‘कधीपर्यंत चांगली’ ही तारीख लावणं सक्तीचं झालं. ट्रेमध्ये काय आहे, ते मात्र काउंटरवरच्या मुलालाच विचारायचं, आणि तो गर्दीत ‘सगळं प्युअर आहे’ असं सांगतो.

एवढं ताणायची गरज आहे का, असं नातेवाईक विचारतात. हिशेब असा आहे. भारतात ‘ग्लुटेन-फ्री’ म्हणून विकायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. चार ग्रॅमच्या गोळीत ते फार तर ०.०८ मिलिग्रॅम. सिलिॲकच्या बहुतेक रुग्णांना दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत सोसतं असं धरतात. उलट ग्रॅमभर मैद्यात ते साधारण ८० मिलिग्रॅम असतं. म्हणजे चिमूटभर मैद्यात दिवसाचा कोटा संपतो. त्यामुळे बोरन्हाणाची रास हाच सगळ्यात मोठा धोका. एकेक गोळी तपासून आणली आणि तिच्यावर क्रीमची बिस्किटं ओतली, तर दहा मुलांच्या पायांखाली त्यांचा चुरा होऊन तो सगळ्याला लागणार. दुधाच्या ॲलर्जीत तर सर्वांना लागू होईल असा आकडाच नाही. प्रत्येक मुलाची सहनशक्ती वेगळी.

म्हणून रास बदलली. चुरमुरे, बोरं, करवे, काकूंचा तो कमी उजळ हलवा, राजगिऱ्याच्या वड्या, तेल लावून थापलेली चिक्की, पुडा वाचून घेतलेल्या लिमलेटच्या गोळ्या, पेक्टिनवर गोठवलेली फळांची जेली, कोकणातून आलेली आंबापोळी. बिस्किटं आणि चॉकलेटं पाहुण्या मुलांना निघताना दाराशी, बंद पुडीत. आजीने आधी कुरकुर केली, मग स्वतःच दाराशी पुड्या वाटत बसली.

बालवाडीत दर आठवड्याला कुणाचा तरी वाढदिवस असतो. तिथे बाईंच्या कपाटात एक डबा आहे. त्यावर मुलाचं नाव आणि आतल्या गोळ्यांच्या पुड्याचा कापून चिकटवलेला मागचा भाग. फेब्रुवारीत एका पालकांनी मुद्दाम त्याच्यासाठी व्हीगन चॉकलेट आणलं. त्यावर ‘व्ही’ अक्षराची हिरवी खूण होती. २०२२ च्या व्हीगन नियमांनुसार ती असली म्हणजे दूध घातलेलं नाही. बाईंनी तरी पाकीट उलटं केलं. घटकांत तिसऱ्या क्रमांकावर गव्हाच्या बिस्किटाचे तुकडे होते. बाईंनी त्या पालकांचे आभार मानले आणि डबा काढला. मुलाला हिरवी गोळी हवी होती. हिरव्या संपल्या होत्या, केशरीवर भागवावं लागलं, आणि बाईंनी आईला निरोप धाडला की डबा भरायला झालाय.