जमिनीत स्फुरद आहे, मग गवताला का मिळत नाही?

पावसाळ्यात माळावर गुडघाभर गवत असतं. जनावरं दिवसभर चरतात, पोटं भरलेली दिसतात. तरीही गटाचं कर्ज काढून घेतलेली म्हैस माजावर येत नाही, नाहीतर भरवली की उलटते. गाय माती चाटते, चिंध्या आणि हाडं चघळते. "खायला तर भरपूर आहे, मग कमी कशाची?" असं एका ताईंनी बैठकीत विचारलं. याची कारणं बरीच असू शकतात, पण त्यातलं एक आपल्या पायाखालीच आहे. ते म्हणजे स्फुरद, अर्थात फॉस्फरस.

ठेव आहे, पण अडकलेली

महाराष्ट्राचा बराचसा भाग लाव्हारसापासून बनला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचले आणि थंड होऊन काळा पाषाण तयार झाला. तो झिजून आपला मुरूम आणि काळी माती झाली. या खडकात स्फुरद असतं, त्यामुळे माती अगदी रिकामी नसते.

पण गटाच्या नावावर मुदत ठेव असली तरी आज दवाखान्याला पैसे लागले तर ती हातात येते का? तसंच हे आहे. काळ्या, चुनखडीच्या जमिनीत चुना स्फुरदाला धरून ठेवतो. कोकणातल्या, महाबळेश्वरच्या लाल जांभ्या मातीत हेच काम लोह आणि ॲल्युमिनियम करतात. मुळांना मिळतं ते फक्त पाण्यात विरघळलेलं स्फुरद, आणि ते फार थोडं असतं.

माळावर तर माती पातळ. ओल गेली की स्फुरद मुळापर्यंत पोहोचत नाही. म्हणून वाळलेल्या गवतात ते आणखी कमी असतं. शिवाय जनावरं माळावर खातात आणि शेण गोठ्यात पडतं. त्याच्या गोवऱ्या होतात किंवा ते शेतात जातं. माळाला परत काहीच मिळत नाही.

मग काय करायचं?

१. आधी माती तपासा. झाडाखालची, बांधाजवळची किंवा उकिरड्याजवळची माती घेऊ नका. मृदा आरोग्य पत्रिकेवर 'उपलब्ध स्फुरद' आणि 'सामू' या दोन ओळी नक्की बघा.

२. नुसतं खत वाढवू नका. डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत २३ किलो स्फुरद असतं, पण त्यातलं बरंचसं पहिल्या हंगामात मातीतच अडकतं. खत फेकून देण्यापेक्षा पेरताना बियाण्याजवळ, ओळीत द्या. स्फुरद मातीत फारसं सरकत नाही.

३. सुपर फॉस्फेट कुजलेल्या शेणखतात मिसळून द्या. शेणखतातली आम्लं अडकलेलं स्फुरद थोडंथोडं सोडवतात. चुनखडीच्या जमिनीत रॉक फॉस्फेट नुसतं टाकून उपयोग नाही, ते तिथे विरघळत नाही.

४. चाऱ्याचं बी पेरताना पीएसबी जिवाणू खत चोळा. दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं पाकीट पुरतं. सावलीत सुकवून लगेच पेरा.

५. गायरानावर मारवेलसोबत स्टायलो लावा. हे शेंगवर्गीय गवत हलक्या, कमी स्फुरदाच्या जमिनीतही तग धरतं. मात्र त्यासाठी काही दिवस चराईबंदी हवी, आणि ती सगळ्या गावाने पाळायला हवी. हा विषय ग्रामसभेत गटाच्या बायकांनीच मांडायचा.

जनावर थांबू शकत नाही

माती सुधारायला वर्षं लागतात, कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला असतो. म्हणून चाऱ्यासोबत थोडा गव्हाचा कोंडा द्या, त्यात स्फुरद चांगलं असतं. मोठ्या जनावराला रोज ३० ते ५० ग्रॅम खनिज मिश्रण द्या. नेमकं किती, ते पशुवैद्यकांना विचारा. नुसत्या मिठाने स्फुरद मिळत नाही, हे लक्षात ठेवा.

आणि एक गोष्ट कधीच टाळू नका. व्यायलेल्या म्हशीला लाल किंवा कॉफीसारखी लघवी झाली तर घरगुती उपायात दिवस घालवू नका. ते स्फुरद खूप कमी झाल्याचं लक्षण असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा, उशीर झाला तर म्हैस हातची जाते.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपली मृदा आरोग्य पत्रिका आणा. एकत्र बसून वाचू. जिच्याकडे नसेल तिने रिकामी पिशवी आणा, माती कशी घ्यायची ते शेतात जाऊनच बघू.