टोमॅटोचे शेजारी

कोणत्या भाजीशेजारी कोणती लावावी, याचे तक्ते हल्ली मोबाइलवर फिरतात. गाजराचं टोमॅटोशी गूळपीठ, कांद्याचं घेवड्याशी वाकडं. या जोड्या गाजल्या त्या १९७५ साली अमेरिकेत निघालेल्या, लुईस रिऑट यांच्या ‘कॅरट्स लव्ह टोमॅटोज’ या पुस्तकामुळे. तिकडची हवा वेगळी, किडी वेगळ्या. कांद्याच्या वासानं गाजराच्या ज्या माशीला चकवायचं, ती आमच्या साताऱ्याच्या परसात मी कधी पाहिलेलीच नाही.

माझ्याकडे वैर ठरतं ते कुळावरून आणि पाण्यावरून. टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा ही एकाच कुळातली, त्यामुळे दुखणीही सामाईक. मर रोगाचे जिवाणू मातीत राहतात आणि पाटाच्या पाण्याबरोबर पुढे सरकतात. म्हणून वांग्याच्या वाफ्यातलं पाणी टोमॅटोत उतरेल अशी मांडणी नको. करप्याचं त्याहून अवघड. तो वाऱ्यावर येतो, मधे दोन वाफे सोडले काय नि चार काय. बटाटा लावला तर त्या हंगामात टोमॅटो नाही, एवढंच मी करते. हिरवंगार झाड माना टाकून मेलं, की त्या वाफ्यात तीन वर्षं या कुळातलं काही नाही. तिथे मका, मेथी, लसूण.

झेंडू मात्र हवाच, पण कोपऱ्यातल्या एका रोपानं सूत्रकृमी हटत नाहीत. झेंडूच्या मुळांत त्यांना मारक द्रव्य असतं खरं. पण त्यासाठी अख्खा वाफा दोन-तीन महिने झेंडूचा हवा, टोमॅटो त्यानंतर. दुसरा उपयोग सापळ्याचा. फळं पोखरणाऱ्या अळीचा पतंग झेंडूवरही अंडी घालतो. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनं टोमॅटोच्या १६ ओळींमागे झेंडूची एक ओळ सुचवली आहे. झेंडूचं रोप थोडं जून घ्यायचं, म्हणजे दोन्ही एकदम फुलोऱ्यावर येतात. परसात १६ ओळी कुठल्या! मी चार टोमॅटोंमागे एक झेंडू लावते आणि रोज सकाळी फुलं चाचपून अळ्या वेचते. वेचल्या नाहीत, तर तो सापळा नव्हे, पाळणाघर.

वांग्याला अडीच फूट, टोमॅटोला दोन, मिरचीला दीड. सुरुवातीला जागा ओकीबोकी दिसते आणि लोक आणखी रोपं कोंबतात. त्याऐवजी तिथे मेथी टाका. टोमॅटो पसरायच्या आत, महिनाभरात ती उपटून होते. घेवड्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र धरतात, पण ते मुख्यतः मिळतं मुळं कुजल्यावर, पुढच्या पिकाला. म्हणून घेवडा उपटू नका, बुंध्याशी कापा.

अळू मोरीच्या पाण्यावर ठेवा, मिरची तिथून लांब. पाणी साचलं की तिची मुळं कुजतात. पुदिना कुंडीतच बरा.

यंदा रोपं आणण्याआधी वहीत परसाचा नकाशा काढा: उतार कुठे, सावली कुठे, कोणत्या वाफ्यात काय. वर साल घाला. पुढच्या वर्षीची फेरपालट त्यावरूनच ठरवता येईल.