डिप्रेशनची गोळी आणि दारू : डॉक्टरांपासून लपवू नका

आठवडाभर डिप्रेशनची गोळी वेळेवर घ्यायची आणि शनिवारी हातात पैसे आले की गोळी बाजूला ठेवून क्वार्टर आणायची. "दोन्ही एकत्र घेतले नाही ना, मग काय होते?" असे समजणारे बरेच आहेत. रिक्षा चालवणारे, रात्रपाळीचे वॉचमन, घरकामाला जाणाऱ्या भगिनी, कुणालाही हा आजार होतो आणि कुणाच्याही घरात हा प्रश्न येऊ शकतो. म्हणून या वेळी हाच विषय घेतला आहे.

गोळी चुकवून पिणे का चालत नाही?

एक दिवस गोळी घेतली नाही म्हणून अंगातले औषध निघून जात नाही. फ्लुऑक्सेटिनसारखे औषध तर बंद केल्यावरही काही आठवडे शरीरात राहते. म्हणजे दारू त्या औषधावरच पडते. शिवाय या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते सहा आठवडे रोज घ्याव्या लागतात. मध्येच खंड पडला की चक्कर, मळमळ, चिडचिड, अंगात झटके आल्यासारखे वाटणे सुरू होते आणि आजार पुन्हा डोके वर काढतो. मग घरचे म्हणतात, "एवढ्या गोळ्या खाऊन फरक नाही." दोष मात्र औषधाचा नसतो.

दारू मनाला काय करते?

प्यायल्यावर तासभर हलके वाटते, पण दारू स्वतःच मेंदूला मंद करते. झोप लवकर लागते आणि मध्यरात्रीनंतर मोडते. सकाळी उदासी आणि घालमेल अधिक असते. ज्याच्या मनात जीव देण्याचे विचार येतात, त्याचा स्वतःवरचा ताबा दारूमुळे सुटतो. सर्वात मोठा धोका हाच आहे.

कोणत्या गोळीबरोबर जास्त धोका?

आपल्याकडे एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन या गोळ्या जास्त लिहून दिल्या जातात. त्यांच्याबरोबर दारू घेतली तर गुंगी वाढते आणि उपचाराचा गुण कमी होतो. अंगदुखीच्या गोळ्याही चालू असतील, तर पोटात रक्तस्राव होण्याची भीती वाढते.

अमिट्रिप्टिलीन, मिर्टाझापिन या गोळ्यांनी मुळातच झोप येते. त्यावर दारू म्हणजे तोल जाणे, पडणे, गाडी चालवताना अपघात. ड्युलोक्सेटिन चालू असताना रोज पिणाऱ्याच्या लिव्हरला इजा होऊ शकते. बुप्रोपिऑन घेणाऱ्याला फिट येऊ शकते.

एस्सिटालोप्रामच्या अनेक गोळ्यांत क्लोनाझेपाम हे झोपेचे औषधही मिसळलेले असते. पाकिटावर दोन नावे आहेत का, ते केमिस्टला विचारा. क्लोनाझेपाम आणि दारू दोन्ही श्वास मंद करतात. एकत्र घेतल्यास माणूस झोपेतच दगावू शकतो.

"एखादा पेग चालतो का?" याचे उत्तर गोळीवर आणि माणसावर अवलंबून असते, आणि ते फक्त तुमचे डॉक्टर देऊ शकतात. अजिबात न घेणे हेच सर्वात सुरक्षित.

लाजेपोटी लपवू नका

१९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे आणि पंचशीलातले पाचवे शील आपण विहारात नेहमी घेतो. त्यामुळे पिणारा माणूस ते लपवतो, घरचेही झाकतात. पण डॉक्टरांसमोर झाकले, तर चुकीची गोळी लिहिली जाऊ शकते. किती पितो, किती दिवसांपासून पितो, हे केसपेपर काढतानाच सांगा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. डॉक्टर ही गोष्ट वस्तीत सांगत फिरणार नाहीत.

घरच्यांनी काय करावे?

- रोज भरपूर पिणाऱ्याला एका दिवसात दारू बंद करायला लावू नका. हातपाय थरथरणे, फिट येणे, भ्रम होणे असे जीवघेणे त्रास पहिल्या तीन-चार दिवसांत होऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवा.
- दारू सोडवण्याची डायसल्फिरामची गोळी चहात किंवा भाजीत गुपचूप घालू नका. त्यावर दारू प्यायल्यास उलट्या, धडधड होते, रक्तदाब एकदम खाली जातो. यात जीवही जाऊ शकतो.
- कुणी पिऊन आलाच, तर त्या रात्री झोपेची किंवा गुंगीची गोळी देऊ नका. चुकलेल्या गोळीसाठी दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नका. नेहमीच्या वेळी नेहमीचीच द्या आणि डॉक्टरांना कळवा.
- माणूस हलवूनही उठत नाही, श्वास संथ किंवा अडखळत चालला आहे, ओठ निळे पडले आहेत, तर कुशीवर झोपवा आणि १०८ ला फोन करा. "उतरेल सकाळपर्यंत" म्हणून थांबू नका.

कुठे जायचे?

केंद्र सरकारची टेली-मानस ही फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. ती मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येते. ठाण्यात १९०१ पासूनचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. मीरा रोडहून लोकलने विलेपार्ल्याला उतरल्यास कूपर आणि मुंबई सेंट्रलला उतरल्यास नायर, या दोन्ही पालिका रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. जाताना चालू गोळ्यांची पाकिटे आणि जुने कागद बरोबर न्या.

बरे वाटू लागल्यावरही गोळी काही महिने चालू ठेवावी लागते. ती कधी आणि कशी कमी करायची, हे डॉक्टरांनी ठरवायचे. दारू सुटायला वेळ लागला, तरी तोवर गोळी सोडू नका आणि डॉक्टरांकडे जाणे थांबवू नका.

जयभीम.