स्तन कर्करोग : चाळणी तपासणी व स्त्रीचा निर्णय

स्तनात गाठ वा अन्य कोणतेही लक्षण नसलेल्या स्त्रियांची, कर्करोग लवकर ओळखण्यासाठी, ठराविक कालांतराने केलेली तपासणी म्हणजे चाळणी तपासणी होय. तीत मॅमोग्राफी हे स्तनांचे क्ष-किरण चित्रण मुख्यत्वे वापरतात. ब्रिटनमध्ये ती १९८८ पासून राष्ट्रीय आरोग्य सेवेमार्फत उपलब्ध आहे.

या तपासणीमुळे काही मृत्यू टळतात. परंतु काही स्त्रियांत अतिनिदान होते, म्हणजे आयुष्यात कधीही उपद्रव न देणारा कर्करोग सापडतो. असा कर्करोग निदानसमयी वेगळा ओळखता येत नसल्याने त्यावरही बहुधा शस्त्रक्रिया व अन्य उपचार होतात. मायकेल मार्मट यांच्या अध्यक्षतेखालील ब्रिटिश समितीच्या २०१२ मधील अंदाजानुसार, वयाच्या ५० व्या वर्षापासून २० वर्षे तपासणीस बोलाविलेल्या १०,००० स्त्रियांमागे सु. ४३ मृत्यू टळतात व सु. १२९ स्त्रियांत अतिनिदान होते. केवळ ‘मृत्यू २०% घटतात’ असे सांगितल्यास हा हिशेब स्त्रीसमोर येत नाही. म्हणून लाभ व हानी एकाच मापाने सांगून निर्णय तिच्यावर सोपविणे इष्ट ठरते. तपासणी नाकारणे हाही विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो.

वय व तपासणीचा प्रकार यांनुसार हा हिशेब बदलतो. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये सुरू केलेल्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातांनी स्तनतपासणी केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ५० व त्याहून अधिक वयाच्या स्त्रियांत स्तन कर्करोगाचे मृत्युप्रमाण सु. ३०% कमी आढळले. त्याखालील वयात लक्षणीय घट दिसली नाही.

गाठ, स्तनाग्रातून रक्तमिश्रित स्राव वा त्वचेवर खळी आढळल्यास मात्र चाळणीचा प्रश्न उरत नाही. तत्काळ वैद्यकीय निदान करून घेणे आवश्यक असते.