उसना देखावा

व्हँकुव्हरच्या चायनाटाउनमध्ये पावसाळी दिवशी जावे, असे मला सांगण्यात आले होते. त्या शहरात हिवाळ्यात कोरडा दिवस शोधणेच कठीण, त्यामुळे सल्ला पाळायला कष्ट पडले नाहीत. कॅरल स्ट्रीटवरच्या डॉ. सुन यत-सेन उद्यानाचे दार ओलांडले आणि पहिल्यांदा कानावर आल्या त्या पागोळ्या. कोकणातल्या पडवीत वाढलेल्या माणसाला त्या आवाजाची ओळख करून द्यावी लागत नाही. इथे मात्र तो आवाज योजून केलेला आहे. वळचणीच्या शेवटच्या कौलाला खाली झुकलेले पान असते, त्यावरून पाणी एकेका धारेने सुटते आणि पाहणाऱ्यासमोर मण्यांचा पडदा लोंबतो.

२४ एप्रिल १९८६ रोजी, त्या वर्षीच्या जागतिक प्रदर्शनाच्या तोंडावर हे उद्यान खुले झाले. चीनबाहेर पूर्ण आकारात बांधलेले हे पहिले अभिजात चिनी उद्यान मानले जाते. सुजौ शहरातून पन्नासहून अधिक कारागीर आले आणि त्यांच्याबरोबर साडेनऊशे खोकी: कौले, फरसबंदीचे गोटे, घडवलेली लाकडे, ताइहू सरोवरातले सच्छिद्र दगड. लाकडाचे कुसू खाचेत बसवत, खिळे-स्क्रूंविना त्यांनी मंडप उभे केले. ताइहूचे दगड पहिल्या नजरेला कुरूपच वाटतात. कृश, भोकांचा, आरपार दिसणारा आणि सुरकुतलेला असेल तो दगड उत्तम, अशी चिनी रसिकांची जुनी कसोटी आहे. आपण मूर्तीसाठी अखंड शिळा शोधतो. हे लोक पाण्याने कोरून पोकळ केलेली.

मंडपात उभे राहून वर पाहिले, की भिंतीवरून उंच इमारती डोकावतात. सोबतच्या एका पर्यटकाने फोटोतून त्या वगळण्यासाठी बराच वेळ खटपट केली. मला ती खटपट चुकीची वाटली.

सतराव्या शतकात, मिंग राजवटीच्या अखेरीस, जी छंग याने ‘युआन-ये’ हा उद्यानरचनेवरचा ग्रंथ लिहिला. त्यात ‘जिए-जिंग’ म्हणजे उसना देखावा या तत्त्वाला मोठे स्थान आहे. आपल्या कुंपणाबाहेरचे जे सुंदर, ते नजरेने आत घ्यावे. जे ओंगळ, ते झाकावे. सुजौच्या चो-चंग उद्यानात तळ्याच्या टोकाशी शहरातला उत्तर मंदिराचा मनोरा असा दिसतो, जणू तो बागेच्याच मालकीचा. पण मनोरा शहराचा आहे, हे विसरायचे कारण नाही. सुजौच्या या बागा रानात नव्हत्या. गजबजलेल्या गल्लीत, पांढऱ्या उंच भिंतीमागे, राजसेवेतून निवृत्त झालेले वा बाहेर पडलेले अधिकारी त्या बांधत. रस्त्यावरून काही दिसत नसे, जसे आपल्या जुन्या वाड्याच्या दिंडीवरून आतला चौक कळत नसे. भिंतीला अर्थ यायचा तो बाहेर शहर असल्यामुळे.

व्हँकुव्हरमध्ये हे शहर बाहेर टिकले, तेही सहजासहजी नव्हे. चिनी स्थलांतरितांवर कॅनडाने १८८५ साली ५० डॉलरचा डोईकर बसवला, १९०३ मध्ये तो ५०० डॉलरवर नेला आणि १९२३ ते १९४७ या काळात त्यांचा प्रवेश जवळपास बंदच केला. ज्या सुन यत-सेन यांचे नाव उद्यानाला आहे, ते क्रांतीसाठी पैसा आणि माणसे गोळा करत याच वस्तीत येऊन गेले होते. पुढे १९६० च्या दशकात महापालिकेने चायनाटाउनमधून द्रुतगती मार्ग नेण्याचे ठरवले. रहिवासी रस्त्यावर उतरले, आराखडा गुंडाळावा लागला. शेजारची कृष्णवर्णीयांची होगन्स ॲली ही वस्ती मात्र १९७० च्या सुमाराच्या उड्डाणपुलांनी गिळली. कॅरल स्ट्रीट वाचला नसता, तर आज इथे पागोळ्यांच्या जागी गाड्या ऐकू आल्या असत्या.

भिंतींना झरोके आहेत, त्रेचाळीस, आणि दोन झरोक्यांची नक्षी सारखी नाही. त्यांतून समोरचे तळे तुकड्यातुकड्याने दिसते. पाणी मुद्दाम गढूळ हिरवे राखलेले, जेडच्या खड्यासारखे. तळ दिसला की खोली संपते, म्हणून.

या तळ्यात नोव्हेंबर २०१८ मध्ये एक पाणमांजर शिरले. भर शहरातून ते कसे आले, कुणास ठाऊक! आठवडाभर त्याने कोई मासे फस्त केले: चौदा मोठ्यांपैकी अकरा. त्यांत मॅडोना नावाची, सुमारे पन्नास वर्षांची मासोळीही गेली. शहरात दोन तट पडले, एक माशांचा, एक पाणमांजराचा, आणि लोक आपापल्या पक्षाचे बिल्ले लावून फिरू लागले. उरलेले तीन मोठे मासे आणि ३४४ पिले मत्स्यालयात हलवावी लागली. पिंजरे लावले, आमिष ठेवले. पाणमांजराने दाद दिली नाही आणि एके दिवशी ते आले तसे निघून गेले.

जी छंगच्या नियमांत उसने काय घ्यावे ते आहे. न मागता आत आलेल्याचे काय करावे, ते त्या कारागिरांना कुणी विचारले होते की नाही, कोण जाणे. मी तळ्याच्या काठाशी वाकून बघितले. हिरव्या पाण्यात काही हलले, पण ते पावसाचे थेंबही असतील.